मागाहून येणारी चव

आमच्या घरात जिभा सगळ्यांनाच होत्या, माझी तर जरा जास्तच, पण नोकरी करणारी जीभ एकच. ती माझ्या भावजयीची.

औषधांच्या एका लहानशा कारखान्यात ती लहान मुलांच्या औषधांची चव ठरवायची. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती तिथल्या प्रयोगशाळेत लागली, आणि थोड्याच दिवसांत तिथल्या म्हाताऱ्या केमिस्टच्या ध्यानात आलं की या पोरीला कडूतलं कडू वेगळं काढता येतं. कारल्याचं कडू निराळं, जळलेल्या साखरेचं निराळं, गोळीच्या खडूचं निराळं. मग बाटल्या-नळ्या दुसऱ्यांकडे गेल्या आणि हिच्यापुढे चमचे आले. कारखान्यात तिला चाखणबाई म्हणू लागले. आधी चेष्टेनं, नंतर कौतुकानं. आम्ही घरच्यांनीही ते नाव उचललं, आणि आता खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर ती वळूनही बघत नाही.

त्या जिभेचे लाड किती सांगावेत! कामाच्या दिवशी सकाळी चहा नाही. कांदा नाही, लसूण नाही, दात घासायला साधी पावडर. माझा भाऊ हयात होता तेव्हा म्हणायचा, "हिच्या जिभेला जपतो तेवढं आईबापांना जपलं असतं, तर स्वर्गात खिडकीजवळची जागा मिळाली असती." भाऊ गेला. जागेचं काय झालं ते कळवलं नाही त्यानं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, एकटीच होते, म्हणून तिच्याकडे राहायला आले. घरात आम्ही दोघी, तिचा मुलगा, सून आणि दीड वर्षाचा नातू. नातवाला सगळे ढब्बू म्हणतात. तेव्हा तो होताही तसाच, मनगटाला वळ्या पडलेला.

चाखणबाईची काम करायची रीत त्या म्हाताऱ्या केमिस्टनं घालून दिलेली. चाखा, थुंका, चूळ भरा, कोरं बिस्किट खा, मग बोला. गिळायचं कधीच नाही. रीत शहाणपणाचीच होती. दिवसभर तापाची, खोकल्याची, जंताची औषधं जो गिळेल तो संध्याकाळी घरी चालत जाणार नाही. शिवाय मागच्या औषधाची चव पुढच्यात मिसळत नाही. हाताखालच्या दोन मुलींनाही तिनं हेच शिकवलं. बोलायच्या आधी थुंकायची तिला इतकी सवय, की घरातसुद्धा रागावली तर आधी मोरीकडे बघायची.

निवृत्तीला आली तशी तिच्याकडे एक अवघड काम आलं. जुलाब होणाऱ्या मुलांना जलसंजीवनीच्या, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर जस्ताची गोळी देतात. चमचाभर पाण्यात विरघळवायची आणि पाजायची. जुलाब थांबले तरी दहा-चौदा दिवस रोज द्यायची, म्हणजे पोराची ताकद लवकर भरून येते आणि पुन्हा हगवण लागायचं भय कमी होतं. पण आईचं कसं असतं? जुलाब थांबले की औषध संपलं. आणि पोरगं थुंकत असेल तर थांबायचीही वाट बघत नाही, दुसऱ्याच दिवशी गोळ्या फडताळात. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी कारखान्याला कळवलं होतं, गोळी गुणाची आहे हो, पण पोरं तोंड उघडत नाहीत, तेवढं बघा.

झालं. घरात कित्येक महिने दुसरा विषय नाही. जेवताना जस्त, झोपताना जस्त. संत्र घातलं, काढलं. व्हॅनिला घातला. गोडी वाढवली, कमी केली. "फार गोड केली तर पोरं खाऊ म्हणून मागतील, डबा हाती लागला तर सगळ्या खातील. तेही नको," म्हणायची. मी वैतागून म्हटलं, "अगं, मग काय हवंय तुला नेमकं?"

"पोरानं ओरडू नये, आणि पुन्हा मागू नये, वन्सं. एवढंच."

शेवटी गोळी जमली. तिनं पास केली, हाताखालच्या मुलींनी केली, साहेबांनी केली. त्या दिवशी तिनं घरी येऊन कांदा चिरून खाल्ला, कच्चा. तिचा सोहळा म्हणजे एवढाच.

आणि मग ढब्बूला जुलाब लागले.

सुरुवातीला आम्ही म्हटलं, दात येत असतील. दात बिचारे, कशाकशाला पुरे पडणार! दुपारपर्यंत पोरगं लोळागोळा. सून त्याला घेऊन बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे धावली, मागून मी. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती परत बसते कशी ते बघितलं, आणि म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही. जलसंजीवनी थोडी थोडी सतत. अंगावरचं दूध चालू ठेवा. जस्ताची गोळी रोज. लघवी होतेय का याच्यावर लक्ष ठेवा. डोळे खोल गेले, निपचित पडला, पाणी घेईनासा झाला तर मला फोनही करू नका, सरळ इस्पितळ गाठा."

औषधाच्या दुकानातून जी गोळी मिळाली, ती आमचीच. चाखणबाईची.

घरी आल्यावर ढब्बू जलसंजीवनी चांगली पीत होता. वाटीतून चमच्यानं, चमचा स्वतः ओढून. माझ्या जिवात जरा जीव आला. तेवढ्यात चाखणबाई कामावरून परत आली, चप्पल काढता काढता गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

"इकडे आणा. माझी गोळी आहे, मीच देणार."

"आई, जरा बसा तरी," सून म्हणाली.

"बसून काय देऊ? आ कर रे माझ्या राजा."

राजानं आ केला. आजीच्या हाताला तो कधीच नाही म्हणत नसे. गोळी विरघळलेलं पाणी गिळलं, ओठ चाटले आणि चक्क हसला. चाखणबाईनं माझ्याकडे बघितलं. "बघितलंत, वन्सं?"

बघितलं. आणि पुढचंही बघितलं. हसू तसंच राहिलं, त्याच्यामागचा चेहरा बदलला. भुवया वर गेल्या, हनुवटी थरथरली, अंगावर शहारा आला. आणि पोटातलं सगळं, दुपारपासून थेंब थेंब भरलेलं सगळं पाणी, आजीच्या साडीवर.

उलटी होते पोरांना, आम्ही धीर धरला. पण सुनेनं जलसंजीवनीची वाटी पुढे केली तर त्यानं ओठ मिटले. अशी शिवण घातली ओठांवर! चमचा नुसता टेकवला तर जीभ लावून थू केलं आणि मान फिरवली. मघाशी हेच पाणी ओढून पीत होता.

"आई, दुपारपासून पीत होता हो," सून रडवेली झाली.

माझा भाचा आतून आला. "गोळीत काही गडबड असेल का गं आई?"

"माझ्या गोळीत काही गडबड नाही!" असं म्हणून ती उठलीच. एक गोळी पाण्यात टाकली, तोंडात घोळवली, मोरीत थुंकली, चूळ भरली, डब्यातलं कोरं बिस्किट खाल्लं. आणि म्हणाली, "उत्तम आहे."

इकडे लंगोट कोरडा. दुपारपासून कोरडाच. मी बोट घालून बघत होते, सून बघत होती, भाचा लाज सोडून बघत होता. ओठ सुकलेले, रडतोय पण डोळ्यांत पाणी नाही. घड्याळ असं मोठ्यानं चालायला लागलं की ते उचलून गच्चीत ठेवावंसं वाटलं.

मला वाट बघता येत नाही, हा माझा स्वभावच. "आण ती गोळी, मी बघते," म्हटलं आणि पाण्याबिण्याच्या भानगडीत न पडता एक गोळी सरळ चावली. संत्र. मागून व्हॅनिला. छान लागली. गिळली. "चांगली आहे की! ही पोराची नाटकं आहेत. तुम्ही त्याला फार लाडावून ठेवलंय, आमच्या वेळी असं..."

आणि मी थांबले. मी बोलता बोलता थांबते ही आमच्या घरात बातमी असते. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

संत्र्याच्या मागून, व्हॅनिल्याच्याही मागून, दाराशी दबा धरून बसल्यासारखं काहीतरी आलं. गंजलेली किल्ली तोंडात धरल्यासारखं. तुरट, जड, जिभेच्या मुळाशी. गालफडं आत ओढली गेली. मी पुढ्यातला चहा उचलला आणि घटाघट प्यायले.

"साखर घातली नाहीस का गं?"

"घातली की, आत्या. दोन चमचे."

"नाही घातलेली."

सुनेनं माझाच कप उचलून एक घोट घेतला. "गोड आहे, आत्या."

चाखणबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. नुसती बघत नव्हती, वाचत होती. "कधी आली ती चव? चावताना?"

"चावताना कुठली! गिळून झाल्यावर. मी तुमची खरडपट्टी काढत होते तेव्हा."

ती गोळ्यांच्या पाकिटाकडे वळली. एक गोळी घेतली, पाण्यात विरघळवली, प्यायली. मोरीकडे गेली नाही. स्टुलावर बसली, दोन्ही हात मांडीखाली घातले, जणू हातांनाच चूळ भरायची खोड होती. आम्ही तिच्याकडे बघत होतो, ढब्बूसुद्धा. आणि मग जे पोराच्या चेहऱ्यावर झालं होतं ते जसंच्या तसं आजीच्या चेहऱ्यावर झालं. भुवया वर, हनुवटी थरथरलेली.

"इतके महिने मी या गोळीबरोबर राहतेय," ती हळूच म्हणाली, "आणि ही चव कधी मला भेटलीच नव्हती."

मग तिनं ढब्बूच्या वाटीतलं पाणी चमचाभर तोंडात घेतलं. "खारट. नुसतं खारट. गोडी मेलीय सगळी. त्याला आपण मिठाचं पाणी पाजतोय असं वाटतंय. म्हणून थुंकतोय तो."

कळलं सगळं. पण कळून पोरगं पाणी पीत नाही. भाच्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं होतं फोन करू नका, पण आम्ही अजून त्या पायरीला पोचलो नव्हतो, एक पायरी अलीकडे होतो. त्या म्हणाल्या, "थांबून चालणार नाही. चमचा बघून घाबरत असेल तर चमचा बदला. ड्रॉपरनं गालाच्या आतून थेंब थेंब सोडा. अंगावर घ्या. तासाभरात घ्यायला लागला नाही तर निघा. गोळीचं उद्या बघू, आधी पाणी."

ड्रॉपर चाखणबाईच्या पिशवीत असायचाच. ती उठून ढब्बूजवळ गेली, तसं त्यानं तिला बघितलं आणि ओठ मिटून तोंड आईच्या खांद्यात खुपसलं. हातात चमचा नव्हता हो तिच्या. हात रिकामे होते. ती आपली होती तिथेच थबकली. ड्रॉपर सुनेकडे दिला आणि जिन्यात जाऊन बसली.

तो तास मी पुन्हा जगणार नाही. भाच्यानं इस्पितळाची पिशवी भरून दारात ठेवली. सून थेंब सोडायची, तो अर्धा बाहेर यायचा, पुन्हा सोडायची. मी टॉर्च घेऊन त्याचे डोळे बघायची आणि माझं मलाच समजायचं नाही की खोल गेलेत की मीच खोल चाललेय. मधूनच जिन्यातून आवाज यायचा, "घेतलं का?" मी ओरडायची, "घेतलं की सांगते. दर मिनिटाला विचारून काय गोडी वाढणार आहे?" वाईट बोलले. पण बोलले नसते तर रडले असते.

मग त्यानं एक थेंब गिळला. मग दुसरा. जिभेवरचं ते ओझं उतरलं असावं. थोड्या वेळानं अंगावर प्यायला. आणि दिवेलागणीच्या सुमाराला लंगोट ओला झाला. चार शिकलेली माणसं ओल्या लंगोटाभोवती उभी राहून एकमेकांना टाळ्या देतायत, असं दृश्य शेजाऱ्यांनी दारातून बघितलं. बघू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाखणबाई कारखान्यात निघाली, तशी मीही निघाले. "तुम्ही कशाला, वन्सं?" म्हणाली. म्हटलं, "मी साक्षीदार आहे. शिवाय तू भिडस्त."

तिथल्या साहेबांना सगळे घाईसाहेब म्हणतात. तरणा माणूस, उभ्या उभ्या चहा पितो, वाक्य अर्धवट सोडून निघतो. चाखणबाईनं त्याला बसवलं. हाताखालच्या दोघी मुलींनाही बसवलं. तिघांपुढे गोळी विरघळवलेल्या पाण्याचे कप ठेवले, एक स्वतःपुढे, आणि म्हणाली, "प्यायचं. थुंकायचं नाही, चूळ नाही, बिस्किट नाही. मी सांगेपर्यंत गप्प बसायचं."

"काकू, मला मीटिंग..."

"चव मीटिंगनंतर येत नाही. बसा."

तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा बसला असावा. आधी "मस्तच आहे की" म्हणाला. मग खिशातला रुमाल काढला. सकाळपासून उपाशी होता, त्यात हे जस्त. चेहरा दुधीसारखा पडला. "काकू, पण आपण चाखतो तेव्हा..."

"आपण चाखतो तेव्हा थुंकतो. पोरं गिळतात. आपण चूळ भरतो. त्यांना कोण चूळ भरायला लावतंय? बाकी सगळ्या औषधांचं कडू पुढच्या दारानं येतं. हे मागच्या दारानं येतं, आणि तोवर आपण कुलूप लावून घरी गेलेलो असतो."

एक मुलगी रडायला लागली, कारण तिनंही पास केली होती. चाखणबाई तिला म्हणाली, "तू मी शिकवलं तसंच केलंस. रड, पण माझ्या नावानं रड."

मग खरी पंचाईत. गोळ्यांची पुढची खेप गाड्यांत भरून तयार. घाईसाहेब म्हणाला, "थांबवू का सगळ्या?" आणि चाखणबाई, जिचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, तिलाही दोन्हीकडून अडचणच दिसत होती. नळाला गढूळ पाणी यायचे दिवस, घरोघरी पोरं आजारी. गोळी थांबवावी तर कुणालाच मिळणार नाही. पाठवावी तर कुठल्यातरी घरात पोरगं गोळीपायी पाणीही नाकारणार, आणि त्या घरात ड्रॉपर नसणार, डॉक्टरीणबाईंचा फोन नसणार.

मला राहवलं नाही. "अहो, औषध वाईट नाही, चव वाईट आहे. नसलेल्या गोळीपेक्षा बेचव गोळी बरी. पण नर्सबाईंना सांगा तरी! आधी पोरगं पोटभर पाणी पिऊ दे, मग गोळी, आणि मग थोडा वेळ त्याला काही गोड लागणार नाही हे आईला माहीत असू दे. म्हणजे ती घाबरणार नाही."

चाखणबाईनं त्याच टेबलावरून आरोग्य केंद्रांना एकामागून एक फोन लावले. प्रत्येक नर्सबाईला स्वतःचा घोळ स्वतःच्या तोंडानं सांगितला, सारवासारव न करता. एक नर्सबाई पलीकडून फाडफाड बोलली, ते मलाही ऐकू आलं. चाखणबाई "हो, हो, माझंच चुकलं" म्हणत राहिली. गाड्या गेल्या. नवी गोळी करायचं ठरलं, जस्ताच्या कणांवर पातळसं वेष्टण चढवून. घाईसाहेब म्हणाला, "लवकर व्हायला हवं." ती म्हणाली, "लवकर नाही, बरोबर व्हायला हवं. माझी लवकरची हौस फिटली."

त्या दिवशी घरी गोळी सुनेनं दिली. आधी वाटीभर जलसंजीवनी पाजली, मग थोडं दूध वाटीत काढून त्यात गोळी विरघळवून, ड्रॉपरनं, गालाच्या आतून. चाखणबाई स्वयंपाकघरात कान देऊन उभी. अर्धा तास पोटात राहायला हवी, नाहीतर पुन्हा द्यायची, म्हणून आम्ही अर्धा तास श्वास धरून. त्यानं तोंड वाकडं केलं, शहारला, मला एक लाथ मारली. पण राहिली. रोज तसंच. पोरगं हळूहळू पुन्हा वळ्यांवर आलं. जुलाब केव्हाच थांबले, गोळ्याही संपल्या. सगळं ठीक झालं, एक सोडून. आजी जवळ आली की ढब्बूचे ओठ मिटायचे. तिच्या हातून भाताचं शीतही घेईना.

"विसरेल गं," मी म्हणायची.

"पहिल्या दिवशी पोरगं तोंड उघडतं ते भरवशावर, वन्सं. दुसऱ्या दिवशी उघडतं का, तीच खरी चव. मी नापास झालेय."

तिचं काम आता असं चालतं. नव्या गोळीचे नमुने घरी आणते. जेवणानंतर गोळी पिते, स्टुलावर बसते, हात मांडीखाली, तोंड बंद. निदान अर्धा तास. त्या वेळात कुणी तिच्याशी बोलायचं नाही. माझ्यासाठी ही सजाच आहे. काल अशीच बसली होती. कपाळावर आठी, भेदरलेली, मागच्या दाराकडे कान लावून. मधूनच माझ्याकडे बघून मान हलवली. अजून आली नाही, असं सांगत होती. येईल की काय, ही भीती डोळ्यांत तशीच.

ढब्बू खेळण्यांतला चमचा घेऊन दुडुदुडु आला. तिच्यापुढे थांबला. तिचं मिटलेलं तोंड बघत राहिला बराच वेळ. मिटलेलं तोंड म्हणजे काय, हे या घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! मग चमचा तिच्या ओठांना लावला, रिकामाच, आणि म्हणाला, "आ."

मी हातानं खुणावलं, नको, वेळ व्हायचाय, सगळी मेहनत वाया जाईल. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. आ केला. चमचा आत गेला, बाहेर आला. तो चमचा तिला कशाकशात बुडवलेला लागला असेल, देव जाणे. मग तिनं रिकामी चिमूट त्याच्यापुढे धरली, भीत भीत, आणि त्यानंही आ केला.

घाईसाहेबांना मी फोन करून सांगितलं, आजची चाचणी फुकट गेली, उद्या पुन्हा.